माहेरचं नाव

आमच्या स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीत एकदा आफ्रिका येऊन पडली होती आणि घरातले गृहस्थ ती सांबारात घालायला निघाले होते. रविवार होता. इंग्लंडातलं एप्रिलचं ऊन संकोची पाहुण्यासारखं दारातच उभं होतं, आत येऊ की नको करत. मी बागेतून आले तर हे ओट्याशी, हातात सुरी, समोर अर्धवट सोललेला एक लहानसा गोळा. "अगं, हे सांबारचे कांदे आणलेस कुठून? साल निघता निघत नाही, आत पदर नाहीत आणि डोळ्यांना टिपूसभर पाणी नाही." मी गोळा हातात घेतला. अळकुडीचं धाकटं भावंड शोभेल असा आकार, वर जुन्या नारळाच्या किशीसारखं जाळीदार तपकिरी साल. "अहो, कांदे नव्हेत ते. फुलांचे कंद आहेत." "मग कांद्यांत कशाला ठेवलेस?" प्रश्न रास्त होता. आदल्या दिवशी पाकीट फाटलं म्हणून मी ते तात्पुरते तिथे ठेवले होते, आणि आमच्या घरात तात्पुरती ठेवलेली वस्तूच सगळ्यात जास्त दिवस टिकते. सांबार शेवटी कांद्याविना झालं. सोललेला कंद मी पुसून, फुंकर घालून बाकीच्यांच्या पंगतीत नेऊन ठेवला.

फाटक्या पाकिटावर एका फुलाचं चित्र होतं आणि चित्राखाली तीन नावं. मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅसिडँथेरा', त्याच्या खाली तिरक्या अक्षरांत 'ग्लॅडिओलस म्युरिएली' आणि कोपऱ्यात, ज्यांना लॅटिनचं वावडं आहे त्यांच्यासाठी, 'पीकॉक ऑर्किड'. हे फूल मोर नाही, ऑर्किडही नाही. आपल्याकडे एखाद्या सावळ्या, शांत मुलीला घरात 'चिमणी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पाकीट हॉलंडातून आलेलं, फुलाचं मूळ घर इथिओपियाचं डोंगरपठार आणि तिथून दक्षिणेला टांझानिया, मलावी, मोझांबिकपर्यंत पसरलेला गोतावळा. थंडी त्याला सोसत नाही. म्हणून इथल्या बागांत दव गोठायचं थांबलं की कंद बोट-दीड बोट खोल लावायचे आणि मग संयम धरायचा.

हा संयम फार मोठा असतो. मे महिन्यात तलवारीसारखी हिरवी पाती जमिनीतून वर येतात. ग्लॅडिओलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी तलवार. जून जातो, शेजारच्या बाईंचे गुलाब फुलून, वाळून, पुन्हा फुलतात, जुलै जातो, आणि आमच्या कुंडीत हे मावळे पाती परजून नुसतेच उभे, लढाई मात्र कुठेच नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीपाशी जायचे आणि आत येऊन म्हणायचे, "सांबारात चांगले लागले असते." मग ऑगस्ट संपता संपता पात्यांमधून एक दांडा वर आला. दांड्याला लांबट कळ्या. एक कळी सरळ वर गेली, हाताच्या वितीला थोडीच कमी भरेल एवढी नळी तिने लांबवली आणि उमलायची वेळ आली तेव्हा मान खाली घातली. सहा पांढऱ्या पाकळ्या, गळ्याशी पिकल्या जांभळाचा डाग. ग्लॅडिओलस म्हटलं की आपल्याला आठवतात ते गणपतीच्या दिवसांत गुच्छांत ताठ उभे राहणारे लाल-केशरी दांडे, स्वागत समितीच्या अध्यक्षांसारखे, आणि वासाच्या नावाने शून्य. हे फूल त्या घराण्यातलं, पण स्वभावाने निराळं. समोरच्याकडे न पाहता बोलणाऱ्या माणसासारखं ते पाहतं खाली, आणि बोलतं संध्याकाळी.

त्या संध्याकाळी मी कपडे काढायला बाहेर गेले आणि दोरीवरचा टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. वास आला होता. गोड, पण गुदमरवणारा नाही. निशिगंधाच्या जवळचा, तरी त्याच्यापेक्षा हलका, ओल्या दगडाचा थोडा गारवा असलेला. माझं वय त्या क्षणी सात वर्षं होतं.

माझे वडील गणित शिकवत. सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या शाळांत शिकवायला भारतातून शेकडो शिक्षक गेले. त्यांत आमचंही बिऱ्हाड होतं. डोंगरातलं लहानसं गाव, पत्र्याचं छप्पर, आणि जून ते सप्टेंबर असा पाऊस की आईला सातारा सोडल्यासारखं वाटतच नसे. तिथलं सगळं असंच ओळखीचं वाटे आणि मग जरा चुके. इंजेरा दिसायला आंबोळी, पण आंबटपणात तिच्या दहा पावलं पुढे. वर्षाला महिने तेरा. सालं आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. त्यामुळे आई म्हणे की विमानाचं तिकीट महाग असलं तरी वयात एवढी सूट कुठे मिळते! शेजारच्या बाई रोज कॉफी भाजायच्या आणि आईला हाक मारायच्या. तिथे कॉफी एकदा पिऊन उठायचं नसतं. तीन फेऱ्या होतात, आणि पहिल्या फेरीचं नाव 'अबोल'. या अबोलमध्येच आई सगळ्यात जास्त बोलत असे. तिचं अम्हारिक आणि बाईंचं मराठी एकाच इयत्तेतलं, म्हणून संभाषण छान चाले.

पावसाळा सरत आला की संध्याकाळी कुंपणापलीकडून वास यायचा. आईने पहिल्यांदा तो घेतला तेव्हा ती म्हणाली, "निशिगंध! इथे?" दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी चढावरच्या खडकांतून ओंजळभर दांडे आणून दिले. अंगावर पांढरी, तलम, काठाची नेतेला लपेटलेल्या त्या वाकून दांडे देत होत्या आणि दांड्यांवरची पांढरी फुलंही वाकलेली होती. नमस्कार कोण कोणाला करतंय ते कळायला मार्ग नव्हता. तो निशिगंध नाही हे आईला पाहताक्षणीच कळलं. पण तिने मत बदललं नाही. ती त्याला 'माझा निशिगंध' म्हणत राहिली, आणि खरा निशिगंध तरी आपला कुठे? तोही मेक्सिकोतून आलेला, इथे येऊन गुलछडी झाला, रजनीगंधा झाला, देवाच्या हारात जाऊन बसला. त्याला कोणी गाव विचारत नाही.

कुंडीजवळ बसून मी या फुलाच्या नावांचा मागोवा घेऊ लागले आणि मला त्यात एका लग्नाळू मुलीची पूर्ण कथा सापडली. विल्हेल्म शिम्पर नावाचा एक जर्मन गृहस्थ १८३७ साली वनस्पती गोळा करायला इथिओपियात गेला आणि इतका रमला की तिथेच संसार थाटून १८७८ मध्ये आडवा गावी वारला. तो झाडं दाबून, वाळवून जर्मनीला पाठवी. तिथे होखस्टेटर या अभ्यासकाने १८४४ साली या फुलाला नाव दिलं: अ‍ॅसिडँथेरा बायकलर. अ‍ॅसिडँथेरा म्हणजे टोकदार परागकोशांची. कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फुलाला वास कुठून असणार! कांदेपोह्यांना आलेल्या मंडळींनी मुलीचा गळा ऐकलाच नाही, तिची नखं तेवढी पाहिली आणि घरी जाऊन म्हणाले, "नखं टोकदार आहेत हो."

पुढे तिशीच्या दशकात पश्चिम इथिओपियात कॅप्टन अर्स्किन नावाचे ब्रिटिश कॉन्सल होते. त्यांच्या मुक्कामाच्या गावाचं नाव गोरे. (हे मी बनवलेलं नाही. कुणाही मराठी माणसाने नकाशा उघडून खात्री करावी आणि एकट्याने हसून घ्यावं.) तर या गोऱ्या साहेबांकडून ते फूल इंग्लंडात आलं आणि १९३२ मध्ये सॉमरसेटच्या केल्वे या नामांकित रोपवाटिकावाल्यांनी त्याला साहेबांच्या पत्नीचं नाव दिलं. बाईंचं नाव म्युरियल, म्हणून ग्लॅडिओलस म्युरिएली. एका बाईच्या नावाने एक फूल ओळखलं जावं, यात वाईट काही नाही. पण एकाच मुलीची दोन गावांत दोन नावांनी सोयरीक झाली होती आणि दोन्ही व्याह्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

१९७३ साली इंग्लंडातल्या क्यू वनस्पती-उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ वेसल मरे यांनी ठरवलं की अ‍ॅसिडँथेरा हे वेगळं घराणं मानायचं कारण नाही, ही मुलगी ग्लॅडिओलसच्याच घरची. आता ती ग्लॅडिओलस बायकलर व्हायची. पण त्या घरात 'बायकलर' नावाची एक आधीच नांदत होती! आपल्याकडे एकत्र कुटुंबात हा पेच किती घरांनी सोडवला आहे. नणंदेचं नाव सुमन असेल तर येणारी सुमन उंबऱ्यातच दुसरी कोणीतरी होते. तसंच इथेही झालं. तिचं नाव ठेवलं कॅलिअँथस, म्हणजे सुंदर फुलाची. नाव गोड होतं, रुळलंही. बियाण्यांच्या याद्या बदलल्या, पाट्या बदलल्या. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अहो, १९३२ मधली ती म्युरिएली म्हणजे हीच की! शास्त्राचा नियम असा की आधीचं नाव खरं. झालं, कॅलिअँथस पुसलं, म्युरिएली आलं. दुकानदार मात्र अजून पाकिटावर अ‍ॅसिडँथेराच छापतात, कारण गावातली म्हातारी माणसं सुनेला शेवटपर्यंत पहिल्याच नावाने हाक मारतात. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत शेवटच्या नावाखाली आधीची सगळी नावं एका रांगेत बारीक टाइपात लिहिलेली असतात. फुलाने या सगळ्या काळात एवढंच केलं, पावसाळ्याच्या शेवटी फुलत राहिलं.

इथिओपियातून निघून नावं बदलत आलेलं दुसरं कोणी आठवायचं तर आपल्याला लांब जावं लागत नाही. सोळाव्या शतकात तिथल्या एका पोराचं नाव आईबापांनी चापू ठेवलं होतं. ते पोर विकलं गेलं. बाजारांमागून बाजार, मालकांमागून मालक, आणि त्यातल्या एका मालकाने त्याला अंबर म्हटलं. अंबर हे सुगंधी द्रव्य आहे. माणूस विकत घ्यायचा आणि त्याला अत्तराचं नाव द्यायचं, या रसिकतेला काय म्हणावं मला कळत नाही. तो दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, त्याला नहरीचं पाणी आणलं आणि १६२६ मध्ये वारल्यावर खुलताबादला मातीआड झाला. पुढे त्याच्या खडकीचीही नावं बदलत गेली, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चापू हे नाव कोणी हाक म्हणून शेवटचं कधी उच्चारलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो तो मात्र इतिहास म्हणून येत नाही.

तो येतो आईमुळे. माझी आई माहेरी नदी होती आणि सासरी देवी झाली. म्हणजे तिचं जन्मनाव एका नदीचं होतं, आणि लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने जे नाव लिहिलं ते देवीचं. तांदूळ मग धुऊन शिजवले असणार, नाव मात्र राहिलं. बढतीच म्हणायची, असं आजी म्हणे. आई हसे. आमच्या घरात ती नदी कोणाला ठाऊकच नव्हती. मला ती सापडली पासपोर्टच्या कागदांत. मॅट्रिकच्या दाखल्यावर एक बाई, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी, कचेरीतल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "यातल्या परदेशी जाणार कोण?" शेवटी मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र झालं की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. आईने त्याखाली सही केली ती अर्थात सासरच्या नावाने. नदीची साक्ष कोणी काढलीच नाही.

आणि त्या डोंगरातल्या गावी, पहिल्याच दिवशी, अबोलच्या फेरीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "सिमिश मान नव?" अम्हारिकमध्ये नाव काय असं विचारत नाहीत, नाव 'कोण' असं विचारतात. तुझं नाव कोण आहे? आईने सासरचं सांगितलं. मग दोन-चार महिन्यांनी, भाषा थोडी पायाखाली आल्यावर, कुठल्याशा गप्पांत तिने सांगून टाकलं की लग्नाआधी मी दुसरी होते. बाईंचा भाजण्याचा हात थांबला. त्यांच्याकडे माणसाचं एक स्वतःचं नाव, पुढे बापाचं, बस्स. लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मग ती पहिली कुठे गेली?"

कॉफी करपली त्या दिवशी. आई खूप वेळ हसत होती आणि मग हसत नव्हती. बाईंनी विचारलं, मी कुणाला हाक मारू? आईने नदीचं नाव सांगितलं. त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर, सम्राटांना १९७४ च्या सप्टेंबरात गादीवरून उतरवलं आणि आम्ही सामान बांधलं तोवर, त्या कुंपणावरून एक आवाज तिला त्या नावाने बोलवत राहिला. 'ळ' त्यांना येत नसे, त्यामुळे नदी जरा वळसा घेऊन यायची. पण आई पहिल्या हाकेला ओ द्यायची. सासरच्या नावाने हाक मारली तर ती आधी हातातलं काम संपवायची.

या सप्टेंबरमध्ये मी रात्री बाहेर खुर्ची टाकून बसू लागले. कारण वाचनातून कळलं होतं की एवढी लांब नळी हे फूल उगाच करत नाही. तिच्या तळाशी मध असतो आणि तिथवर फक्त एका जातीच्या पाहुण्याची जीभ पोचते: हॉक मॉथ, संध्याकाळी उडणारे मोठे पतंग. त्यातला एक, ज्याची सोंड अंगापेक्षाही लांब असते, तो दर वर्षी उन्हाळा सरताना आफ्रिकेकडून, दक्षिण युरोपातून उडत उडत थेट इंग्लंडपर्यंत येतो. म्हणजे बघा, फुलाने इथे परमुलखात मान खाली घालून हाक मारायची आणि माहेरच्या माणसाने समुद्र ओलांडून यायचं. मी शाल घेऊन बसले. पहिल्या रात्री कोल्हा आला. दुसऱ्या रात्री पाऊस आला. तिसऱ्या रात्री हेही कुरकुरत येऊन बसले. "पाहुण्याला कळवलंयस ना आपण जागे आहोत ते?" दहा वाजता मी चहा ठेवायला आत गेले आणि परत आले तर हे म्हणाले, "आला होता. एवढा मोठा. चिमणीएवढा. हवेतच थांबून प्यायला आणि गेला." मी विचारलं, "कुठल्या फुलावर?" त्यांनी बोट दाखवलं. ते त्या सोललेल्या कंदाचं फूल होतं, सगळ्यांत उशिरा आलेलं, एकाच कळीचं. आता, या गृहस्थांना कांदा ओळखू आलेला नाही. त्यांनी पतंग पाहिला की माझ्यासाठी पाहिला, हे मी विचारलं नाही. चहा प्यायलो.

ऑक्टोबरात पहिलं दव गोठायच्या आत कंद उकरले. इथले जाणकार सांगतात की एवढी यातायात करू नये. दुसऱ्या वर्षी ते बहुधा रुसतात, पातीच पाती काढतात, नवे स्वस्तात मिळतात. मी तरी ते वाळवले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कागदी पिशवीत भरले. कांद्यांचा अनुभव होता, म्हणून पिशवीवर नाव घालणं भाग होतं. पेन घेऊन बसले. अ‍ॅसिडँथेरा लिहावं तर ते जुनं, कॅलिअँथस तर पुसलेलं, म्युरिएली हे शास्त्रशुद्ध. पण त्या बाईंची आणि माझी ओळख नाही. मग मोठ्या देवनागरी अक्षरांत एक नाव लिहिलं, 'ळ' अगदी गोल काढून, आणि पिशवी जिन्याखालच्या कपाटात ठेवली, जिथे हिवाळाभर उबेला राहील.

दिवाळीला मुलगा-सून आली. सून चकलीचा सोऱ्या शोधायला त्या कपाटात शिरली आणि पिशवी हातात घेऊन बाहेर आली. उजेडात धरून तिने नाव वाचलं.

"आई, या कोण?"

"ठेव आत," मी म्हटलं. "थंडी सोसत नाही त्यांना. मे महिन्यात येतील बाहेर."